कोषावर आलेल्या अळ्या

दवाखान्यातून तिघं परत आली तेव्हा शेडमधल्या अळ्या शेवटची कात टाकून उठल्या होत्या. या वेळेला उठलेली रेशमाची अळी कुणासाठी थांबत नाही. घरात लग्न असो की मयत, तिला पाला लागतो आणि तो पोटभर लागतो. भिंगाने अंगातला बाहेरचा सदरा काढून खुंटीला अडकवला, दारातल्या चुन्याच्या ओल्या पोत्यावर पाय घासले आणि मागे वळूनही न बघता तो शेडमध्ये शिरला. त्याची बायको बाहेरच उभी राहिली. पोर तिच्या खांद्यावर झोपली होती आणि पोरीच्या मानेला पांढरी पट्टी होती.

“काय म्हणाले?” अक्काने विचारलं. अक्का म्हणजे भिंगाची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून ती इथेच राहत होती. आज तिने एकटीने सकाळपासून पाला कापून, ओढून, सगळ्या रॅकवर पसरला होता, आणि आता कमरेवर हात ठेवून ती वाकडी उभी होती.

“गाठीतला तुकडा काढून तपासायला पाठवलाय. आठवड्याभरात कळेल म्हणाले.”

“काय कळेल?”

“तेच तर कळेल, वन्सं.”

अक्काने पोरीला अलगद आपल्या खांद्यावर घेतलं आणि पोरीची, म्हणजे टकळीची, आई कोयता घेऊन तुतीच्या शेताकडे चालू लागली. दिवसभराची उपाशी होती, पण संध्याकाळचा पाला व्हायचा होता.

भिंग हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. अळीचा रोग ओळखण्यात त्याचा हातखंडा होता, म्हणून लोकांनी ते त्याला चिकटवलं होतं. आसपासचे रेशीमवाले त्याला मुद्दाम बोलावून न्यायचे. तो रॅकपाशी उभा राहून थोडा वेळ नुसता बघायचा, मग चिमट्याने एखादी अळी उचलायचा आणि ‘ही गेली’ म्हणायचा. बाकीच्यांना ती चांगली धडधाकट दिसायची. दुसऱ्या दिवशी मात्र तिची लक्षणं उघडी पडायची. या डोळ्याचा भिंगाला ताठा होता, आणि खोटं कशाला बोला, घरच्यांनाही होता.

आणि त्याच्या स्वतःच्या पोरीच्या मानेवरची गाठ कुणाला दिसली, तर शिंपिणीला. या शिंपिणीच्या चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडाएवढ्या जाड. सुईत दोरा ओवायला ती शेजारणीला हाक मारते. झग्याच्या गळ्याचं माप घेताना तिने टेप फिरवली आणि तिचं बोट अडखळलं. “हे काय गं इथं?” म्हणाली. बस, तिथून सगळं सुरू झालं. गाठ काही रात्रीत उगवलेली नव्हती, चांगली महिन्या-दोन महिन्यांची असणार, असं पहिल्या डॉक्टरने सांगितलं. चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं, “भिंगापेक्षा चष्मा बरा निघाला.” लोक हसले. भिंग तिथेच बाकावर पाठमोरा बसला होता, ते हसणाऱ्यांना दिसलं नाही. तो अर्धा चहा ठेवून उठला.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गाठ दाबून पाहिली, काखेत पाहिलं, पोट चाचपलं आणि तीन-चार गोष्टी असू शकतात असं म्हणाल्या. “त्यातली वाईट कुठली?” असं टकळीच्या आईने विचारलं, तर त्या हात धूत म्हणाल्या, “आधी रिपोर्ट येऊ द्या.” वाईट कुठली ते मग बाहेरच्या बाकावरच्या बाईने सांगितलं. तिने कॅन्सर हा शब्द अगदी सहज उच्चारला, भाजीचा भाव सांगावा तसा. घरी आल्यावर तो शब्द कुणी तोंडातून काढला नाही. ‘ते’ म्हणायचे. ‘ते नसू दे’ म्हणायचे.

दुसऱ्या दिवसापासून कामाचा रगाडा सुरू झाला. शेवटच्या दिवसांतली अळी बोटाएवढी होते आणि आयुष्यभरात खाल्लं नसेल तेवढं या दिवसांत खाते. उजाडायच्या वेळी फांद्या कापायच्या, भारे बांधायचे, डोक्यावरून आणायचे, रॅकवर आडवे-उभे पसरायचे. दुपारी पुन्हा. दिवस मावळता पुन्हा. त्यात उकाडा असा पडला होता की पाला कापून आणेपर्यंत मलूल व्हायचा. शेडच्या जाळ्यांवर टांगलेली पोती भिजवत राहायची, नाहीतर आत अळ्या उकडून निघतील. अंगावर घाम, घामावर चुना, आणि चुन्याने तळहाताच्या भेगा चुरचुरायच्या. एका परीने ते बरंच होतं. हात रिकामा राहिला की डोकं चालू व्हायचं.

टकळीच्या आईने धुण्याचं वेड घेतलं. पोरीची चादर ती सकाळी धुवायची, ती वाळायच्या आत उशीचा अभ्रा धुवायची, मग न वापरलेली भांडी. पोरीच्या जवळून जाताना तिचा हात आपोआप पोरीच्या मानेकडे जायचा, पट्टीच्या खाली, दुसऱ्या बाजूला, काखेत. पोर हात झटकायची. “गुदगुल्या होतात गं, आई!” आईला त्या हातांचं काय करावं कळायचं नाही, मग ती पुन्हा बादली भरायची.

अक्काचं वेगळं. ती येणाऱ्या-जाणाऱ्याला खोटं सांगायची. गिरणीवाली आली तिला म्हणाली गळू झालंय. दूधवाल्याला म्हणाली खेळताना लागलंय. कुणाला काय सांगितलं ते तिच्याही लक्षात राहायचं नाही, आणि मग गिरणीवाली आणि दूधवाला एकमेकांना भेटले. दुसऱ्या दिवशी गिरणीवालीची मुलगी टकळीशी सागरगोटे खेळायला येऊन बसली होती, तिला तिच्या आईने येऊन दंडाला धरून उठवलं.

“खेळू दे की गं,” अक्का म्हणाली.

“नको, टकळीला आराम हवा ना,” गिरणीवाली अगदी गोड आवाजात म्हणाली, आणि मुलीचे हात घरी जाऊन साबणाने धुतले. तिच्या ओरडण्याच्या आवाजावरून ते इथपर्यंत कळलं. अक्काने त्या घरी दळण टाकणं त्याच दिवशी बंद केलं.

आणि टकळी? ती होती तशीच होती, म्हणजे बडबडत होती. दिवसभर टकळी चालू, म्हणून तर ते नाव. तिची खाट शेडच्या जाळीला लावून बाहेर सावलीत टाकली होती. आत यायची पोरांना बंदी. ती जाळीला नाक लावून बसायची आणि आत बाबा काय करतो ते बघत प्रश्न विचारायची.

“बाबा, ती अळी कुठं नेली?”

“बादलीत.”

“का?”

“आजारी आहे.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“खात नाही ती,” भिंग म्हणाला. त्याचं लक्ष नव्हतं. त्याचे कान बाहेरच्या खांबाकडे होते.

त्या खांबावर फोन टांगलेला होता. शेडच्या पत्र्याखाली रेंज यायची नाही, म्हणून तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाहेर लटकवला होता. दवाखान्यातल्या खिडकीवरच्या माणसाला भिंगाने नंबर दोनदा सांगितला होता आणि त्याने लिहिलेला उलटा वाचून खात्री करून घेतली होती. आता फोन वाजला की तिघंही जिथे असतील तिथून निघायची आणि खांबापाशी येऊन पोचायची. एकदा त्याची मेहुणी होती. एकदा कुणाला तरी कुठल्या तरी सायबांशी बोलायचं होतं. एकदा एक बाई फार मऊ आवाजात म्हणाली, “आपण कुटुंबप्रमुख बोलताय ना, सर?”

“हो मॅडम. मीच. मीच बाप तिचा,” भिंग म्हणाला. तो कसा ताठ उभा राहिला होता.

“सर, आपल्या कुटुंबाच्या आरोग्याबद्दल दोन मिनिटं बोलायचं होतं.”

“सांगा मॅडम. जे असेल ते सांगा. आमची तयारी आहे.”

बाईने विम्याची योजना सांगायला सुरुवात केली. भिंगाला कळायला वेळ लागला. तो ‘हो मॅडम, हो मॅडम’ करत राहिला, आणि बायको त्याच्या तोंडाकडे बघत पदर चावत राहिली. शेवटी त्याने फोन पिशवीत ठेवला, आणि भारे सोडायला गेला. काय होतं ते विचारायची अक्काला हिंमत झाली नाही. तिने ते टकळीच्या आईकडून नंतर ऐकलं आणि त्या विमावाल्या बाईचा उद्धार केला.

मग त्याने स्वतःच दवाखान्यात फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर कुणीतरी उचलला. “तुमच्या एकट्याचंच आहे का इथं? आला की करतो ना आम्ही,” असं म्हणून ठेवून दिला. भिंग कुणाचं उणं बोलणं ऐकून घेणारा माणूस नव्हे. पण या वेळी त्याने बंद फोनमध्येच “हो साहेब, चालेल साहेब” म्हटलं.

सगळ्या घराला एकच आधार होता, तो म्हणजे पोरीचं खाणं. ताट पुसून खायची. पूर्वी ह्याला नाक मुरड, त्याला नाक मुरड, जेवण म्हणजे तासाभराचा तमाशा. आता वाढेल ते संपवायची, आणि “अजून आहे?” विचारायची. गिळताना टाका ओढायचा, तेव्हा डोळे घट्ट मिटायची, पण घास टाकायची नाही. “आजारी पोर असं खाईल का?” अक्का म्हणायची. आईला ते इतकं पटायचं की ती पानात आणखी एक वाढायची.

पाच-सहा दिवस असे गेले, आणि एका सकाळी भिंगाला रॅकच्या कडेला एक अळी दिसली. ती पाल्याला तोंड लावत नव्हती. अंग पिवळट पडलं होतं आणि ती डोकं वर करून कडेकडेने फिरत होती. रोगट अळीची हीच चाल. भिंगाने ती उचलून बादलीत टाकली. दोन हात पुढे आणखी एक. मग वरच्या थरावर तीन-चार.

“रोग शिरला,” तो म्हणाला.

अक्का फांद्या पसरत होती ती थांबली. “कुठं?”

“इथं. हे बघ. तिथं बघ. सगळीकडे शिरलाय.”

अक्काने वाकून पाहिलं. “अरे, दिवस भरत आले असतील त्यांचे. उकाडा बघ किती आहे, लवकर पिकल्या असतील.”

ती बरोबर बोलत होती. अळी कोषावर येते तेव्हाही खाणं सोडते, तीही पिवळसर होते, तीही जागा शोधत भटकते. फरक एवढाच की रोगट अळी फुगलेली आणि दुधट असते, पिकलेली आकसते आणि उजेडात धरली तर आरपार दिसते. हा फरक भिंगाला मिसरूड फुटायच्या आधीपासून ठाऊक होता. अक्काला त्यानेच कधीतरी समजावला होता. पण त्याने एकही अळी उजेडात धरली नाही.

“मला शिकवतेस?” तो म्हणाला.

अक्का पुन्हा फांद्या पसरायला लागली. अळ्यांच्या बाबतीत त्या घरात त्याच्यापुढे कुणी बोलत नसे. टकळीच्या आईने तर ‘रोग’ एवढंच ऐकलं. तिला वाटलं, दवाखान्यातून आपणच आपल्या पायांनी घेऊन आलो. ती बाहेर जाऊन चुन्याच्या पाण्यात पुन्हा पाय बुडवून आली, आणि नवरा सांगेल तशी बादल्या उचलू लागली. शेताच्या कोपऱ्यात खड्डा होता. त्यात बादली उपडी करायची, वरून चुना टाकायचा, परत यायचं. सकाळभर तेच. भिंग चिमटा टाकून हातानेच वेचायला लागला होता. त्याचे ओठ हलत होते. वरच्या रॅकवरून खाली, खालच्यावरून पलीकडे. जिकडे बघावं तिकडे त्याला तेच दिसत होतं, आणि एक सुटली तर सगळं घर बुडेल अशा हिशेबाने तो वेचत होता. जाळीपलीकडे टकळी बसली होती. ती त्या दिवशी बोलत नव्हती. ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

दुपारी आईने पोरीला जेवायला दिलं. पोरीने खाल्लं, पुन्हा मागितलं, पुन्हा खाल्लं. तिसऱ्यांदा ताट पुढे केलं तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता. घास तोंडात कोंबत असतानाच तिला उमासा आला आणि सगळं अंगावर, खाटेवर, आईच्या हातावर आलं. मानेच्या पट्टीवर लाल ठिपका दिसू लागला.

“अगं बाई! भूक नव्हती तर कशाला खाल्लंस एवढं?” आईने तिला उचलून घेतलं. “कुणी सांगितलं होतं?”

“मी खाते,” टकळी हुंदके देत म्हणाली. “धुऊन दे, मी परत खाते. बाबांना सांगू नको.”

“काय सांगू नको?”

“मी खात नाही म्हणून. मी खाते ना. मी रोज खाते ना, आई?”

आईला काही उमजेना. अक्का ओलं फडकं घेऊन आली होती, तिने पोरीचं तोंड पुसता पुसता विचारलं, “बाबा रागावतील का खाल्लं नाही तर? काही नाही रागवत.”

“रागवत नाहीत. बादलीत टाकतात,” टकळी म्हणाली. “खात नाही त्याला बादलीत टाकतात. मग वरून चुना.”

भिंग शेडच्या दारात उभा होता. हातात भरलेली बादली होती. त्याने ऐकलं होतं सगळं, त्याच्या तोंडावरूनच दिसत होतं. त्याने बादली खाली ठेवली, आणि दोन पावलं पुढे आला, आणि तिथेच थांबला, कारण त्याला बघून पोरीने आईच्या मानेत तोंड खुपसलं. स्वतःची पोर आपल्याला अशी भ्यालेली त्याने आजवर पाहिली नव्हती. त्याला ‘तसं नाही गं’ म्हणायचं होतं.

तेव्हा अक्काचं लक्ष बादलीकडे गेलं. बादलीच्या काठावर चढून एक अळी डोकं डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे हलवत होती. तिच्या तोंडातून निघालेली बारीक तार काठाला चिकटली होती आणि उन्हात चमकत होती.

“अरे,” अक्का म्हणाली, “ही सूत काढतेय.”

भिंगाने ती अळी उचलली. बोटांत धरून उन्हात वर केली. ती आरपार दिसली. त्याने दुसरी उचलली. तीही तशीच. तिसरी उचलली नाही. तो खड्ड्याकडे पळाला. खड्ड्यात सकाळभराच्या अळ्या चुन्याखाली पांढऱ्या होऊन पडल्या होत्या. त्यातल्या थोड्या बाहेर सरपटल्या होत्या, आणि खड्ड्याच्या काठच्या गवताला धरून, मिळेल त्या काडीवर, त्यांनी कोष विणायला घेतले होते. भिंग गुडघ्यांवर बसला आणि हाताने चुना उकरायला लागला. एकही जिवंत निघत नव्हती.

पोरीला अक्काकडे देऊन टकळीची आई त्याच्या मागे आली होती. तिने गवतातले ते अर्धे विणलेले कोष पाहिले, खड्डा पाहिला, आणि इतके दिवस दाताखाली धरलेलं तिच्या तोंडून सुटलं.

“पोरीच्या मानेवरची गाठ महिनाभर दिसली नाही तुम्हाला,” ती म्हणाली, “आणि चांगल्या जिवांत रोग दिसतो होय?”

भिंगाने मान वर केली नाही. बोलून गेल्यावर तिलाही ते नको होतं, पण बोललेलं परत घेता येत नाही. तो चुना उकरत राहिला. त्याची नखं सोलली होती.

शेवटी अक्काच ओरडली, “अरे, तिकडे मेलेल्या काय उकरतोस? इथं शेडमध्ये निम्म्या जिवंत आहेत, त्यांना चढवणार कोण?”

कोषावर आलेली अळी विणायला जाळीच्या चौकटींवर चढवावी लागते, त्यांना चंद्रिका म्हणतात. वेळेवर चढवली नाही तर ती पाल्यातच सूत ओकून मरते. त्या तिघांनी चंद्रिका काढल्या, झटकल्या, मांडल्या. भिंग रॅकपाशी गेला, एक अळी उचलली, उजेडात धरली आणि तशीच धरून उभा राहिला. चढवायची की टाकायची, ते त्याला सांगता येईना.

“तू बघ,” तो बायकोला म्हणाला. “मी नुसत्या उचलून देतो.”

तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि अळी हातात घेतली. वर धरली, चंद्रिकेवर सोडली. दुसरी घेतली. असं त्यांचं काम सुरू झालं. थोड्या वेळाने तो जाळीपाशी गेला. खाटेवर टकळी धुतलेला झगा घालून बसली होती, त्याला बघून जरा मागे सरकली.

“आत येतेस?” त्याने विचारलं.

“पोरांनी यायचं नसतं.”

“आज यायचं. पाय घास आणि ये.”

ती आली. तो खाली बसला आणि एक पिकलेली अळी त्याने तिच्या तळहातावर ठेवली. “ही खात नाही,” तो म्हणाला, “कारण हिचं पोट भरलंय. आजारी नाही ही. मी चुकलो.” टकळी अळीकडे बघत राहिली. अळीने डोकं उचलून तिच्या अंगठ्याला तार चिकटवली. “आणि आजारी असली तरी,” भिंग म्हणाला, “माणसाला बादलीत टाकत नाहीत. माणसाला औषध देतात. खायचं तेवढंच खा. नको असेल तर नको म्हण.”

“भाजी नको,” टकळी लगेच म्हणाली.

चंद्रिका अर्ध्या भरल्या असतील, तेव्हा बाहेर फोन वाजला. भिंगाची ओंजळ अळ्यांनी भरलेली होती. टकळीची आई पळाली. ती बोलत होती ते ऐकू येत नव्हतं, नुसती मान हलताना दिसत होती. ती परत आली तेव्हा फोन हातातच होता.

“रिपोर्ट आलाय. उद्या या म्हणाले. दोघंही या म्हणाले.”

“काय आलंय?”

“डॉक्टर सांगतील म्हणाले.”

मग तिघं उरलेल्या अळ्या चढवत राहिली. ‘दोघंही’ का म्हणाले, हे तिघांच्याही डोक्यात होतं. चांगलं असतं तर फोनवर नसतं का सांगितलं? अक्का एकदा म्हणाली की ती त्यांची पद्धतच असेल, सगळ्यांनाच बोलवत असतील.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच बसने ते निघाले. बसमध्ये टकळी खिडकीशी बसून बाहेरचं सगळं मोठ्याने सांगत होती, म्हैस, पूल, एक माणूस सायकल ढकलतोय. नवरा-बायको मधल्या जागेत एकमेकांना चिकटून बसली होती. खड्ड्यापाशी झाल्यापासून तिने त्याच्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं होतं. एका वळणावर तिने त्याचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि त्याच्या सोललेल्या बोटांना पदराचं टोक गुंडाळलं. त्याने तो हात तसाच राहू दिला.

दवाखान्यात खिडकीवरच्या माणसाने त्यांना बाजूला उभं केलं. मग बसा म्हणाला. मग उठा, ही जागा पेशंटची आहे, म्हणाला. नंबर पुकारला तेव्हा भिंगाला आधी ऐकूच आलं नाही, पोरीने हात ओढला.

डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे घेतला. बसा म्हणाल्या. बायको बसली, भिंग खुर्चीच्या मागे उभा राहिला.

“गाठीचा टीबी आहे,” त्या म्हणाल्या. “घाबरायचं कारण नाही. सहा महिने गोळ्या घ्यायच्या, एक दिवससुद्धा चुकवायचं नाही. पूर्ण बरी होईल. दोघांना बोलावलं ते एवढ्यासाठीच, गोळ्या दोघांनीही समजून घ्यायला हव्यात.”

“म्हणजे ते नाही?” टकळीच्या आईने विचारलं.

“ते म्हणजे?” मग त्यांच्या लक्षात आलं. “नाही, नाही. कॅन्सर नाही.”

टकळीच्या आईने पदर तोंडाला लावला आणि ती हमसून हमसून रडायला लागली. टीबी ऐकून एवढं सुख झालेली बाई डॉक्टरीणबाईंना नवी नसावी. त्यांनी टेबलावरचा पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला आणि चिठ्ठी लिहायला घेतली. भिंग मात्र हलला नव्हता.

“मॅडम,” तो म्हणाला, “हे बघितलं कुणी?”

“काय?”

“तो तुकडा. कुणी बघून सांगितलं?”

“आमचे तपासणारे डॉक्टर आहेत. का हो? विश्वास नाही का?”

“तसं नाही.” भिंगाने खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली होती. “बघताना ते घाबरलेले नव्हते ना?”

डॉक्टरीणबाईंचं लिहिणं थांबलं. “घाबरलेले?”

“घाबरलेल्या माणसाला भलतंच दिसतं, मॅडम. आहे त्यात नाही दिसतं, नाही त्यात आहे दिसतं. कितीही जाणता असू दे. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.”

त्यांनी पेन खाली ठेवून त्याच्याकडे पाहिलं. थट्टा करतोय की काय, असंही त्यांना वाटलं असेल. पण तो थट्टा करणाऱ्या माणसासारखा दिसत नव्हता.

“ते कशाला घाबरतील?” त्या म्हणाल्या. “त्यांची थोडीच होती ही पोर.”

“हां,” भिंग म्हणाला. “हां. मग बरोबर असेल.”

आणि खुर्चीची पाठ सोडून तो भिंतीला टेकून खाली बसत गेला, फरशीवर, पाय पसरून. तोंडावर दोन्ही हात घेतले आणि बायकोपेक्षा मोठ्याने रडायला लागला. डॉक्टरीणबाई उठून उभ्या राहिल्या. दार उघडून खिडकीवरचा माणूस डोकावला. टकळी बापाजवळ उकिडवी बसली आणि त्याची बाही ओढू लागली.

“बाबा, उठा ना,” ती हळूच म्हणाली. “बाहेर किती लोक थांबलेत.”